जू, जोडी आणि विजोड

मी, इंदुमती मत्तय बोरकर, वय एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही घेणे नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही की धमकावलेले नाही. उलट माझी मुलगी "आई, एवढी काय घाई आहे" म्हणून रोज कुरकुरते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केले, तर ते खरे आणि हे रद्द.

वकीलसाहेबांनी मला एक नमुना दिला आणि बजावले, "ताई, काय आणि कोणाला, एवढंच लिहायचं. का ते लिहायचं नसतं." मी आयुष्यभर शाळेत मुलांना 'का' विचारायला शिकवले. आता शेवटच्या कागदावर ते गाळणे मला जमणार नाही. तेव्हा ज्यांना फक्त मालमत्तेशी काम आहे त्यांनी मधला मजकूर सोडून वाचावे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण दुसरीकडे जागा मिळणार नाही. बायबलातला नवा करार मुळात ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यात मृत्युपत्राला 'दियाथेके' म्हणतात, आणि देवाच्या करारालाही त्या पुस्तकात तोच शब्द येतो. म्हणजे आम्ही ख्रिस्ती माणसे दर रविवारी हातात धरतो त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'नवे मृत्युपत्र' असाही होऊ शकतो. हे मला कळले त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. माझे यजमान म्हणाले, "मंग वारस कोन?"

कलम १. माझी माणसे.

माझे वडील मत्तय बोरकर सावलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुवार्तिक होते, म्हणजे गावोगाव फिरून वचन सांगायचे. माझ्याहून मोठा एक भाऊ, दिनेश. मी शिक्षिका झाले त्या वर्षी मंडळीच्या प्रार्थनामंदिरासाठी नवे बाक करायचे ठरले आणि ते काम फारूक करीम शेख यांच्याकडे गेले. त्यांना सगळे फारूक मिस्त्री म्हणत. एरवी ते धानाच्या शेतकऱ्यांसाठी जू, नांगर, बैलबंड्या करायचे, आणि थंडीत वडशाला जाऊन झाडीपट्टीच्या नाटकांचे राजवाडे आणि तुरुंग उभे करायचे. बाक बरोबर होताहेत की नाही हे बघायला वडिलांनी मला पाठवले. बाक बरोबर झाले. मी मात्र ते झाल्यावरही त्यांच्या दुकानावरून घरी यायचा रस्ता सोडला नाही.

आम्ही चंद्रपूरला जाऊन विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले. त्यांनी मला कलमा पढायला सांगितले नाही, मी त्यांना बाप्तिस्मा घ्यायला सांगितले नाही. नोंदणी करणाऱ्या साहेबांनी विचारले, "दोघं राजीखुशीनं आलात ना?" फारूक म्हणाले, "जी, साहेब, दोन टाइम येऊन गेलो, तुमीच नवते." आमच्या लग्नातले मंगलाष्टक म्हणाल तर एवढेच.

पुढच्या महिन्यात मंडळीची सभा भरली. दिनेशभाऊ तेव्हा सेक्रेटरी होते. त्यांनी उभे राहून बायबलातले, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले वचन वाचले: विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊ नका, अशा अर्थाचे. मग ठराव झाला आणि माझे नाव सभासदांतून काढले. मी मागच्या बाकावर बसले होते. बाक फारूकनीच केला होता आणि तो अजिबात डुगडुगत नव्हता, हे मला नीट आठवते. बाबा खाली बघत होते. त्या दिवसापासून त्या घराशी माझे बोलणे संपले. आई गेली, बाबा गेले, तेव्हा मी लांब उभी राहिले आणि सगळे गेल्यावर माती दिली.

आम्हाला एक मुलगी आहे, कहकशाँ. नाव सासूबाईंनी ठेवले. फारसीत त्याचा अर्थ आकाशगंगा. कोणी गवताचा भारा ओढत नेला आणि मागे काड्या सांडत गेल्या, असे त्या लोकांना आकाशात दिसले. ग्रीकांना तिथेच सांडलेले दूध दिसले. एकाच गोष्टीकडे बघून एकाला गवत आठवते, एकाला दूध. मला अशा गोष्टींचा नाद आहे. तो पुढे येतोच आहे.

कलम २. घर.

सावलीतले माझे राहते घर, मागचे अंगण, मोहाचे झाड आणि विहिरीतला अर्धा हक्क मी माझी मुलगी कहकशाँ हिला देते. बँकेत आणि पोस्टात जे काही शिल्लक असेल तेही तिचेच. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, मला त्यात भावना अडकवायच्या नाहीत. फक्त मोहाखाली पहाटे फुले वेचायला शेजारच्या आशाबाई येतात. नव्या मालकाला त्याची आधी कल्पना द्यावी.

कलम ३. हत्यारे.

फारूक सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांचे वाकस, रंधे, करवती, पटाश्या आणि गिरमिट मी त्यांचे भागीदार अंकुश मेश्राम यांना देते. अंकुशभाऊ आता सोफासेट आणि नाटकाचे सेट करतात, जू कोणी मागत नाही, ट्रॅक्टर आले. तरी दुकानात एक तयार जू टांगलेले आहे. शिवणीच्या लाकडाचे आहे, हलके. ते विकू नये. गिऱ्हाइकाने विचारले तर 'नमुन्याचे आहे' म्हणावे.

कलम ४. ग्रीक पुस्तके.

हे कलम लांब आहे.

कहकशाँ शाळेत जायला लागली त्या सुमारास पाद्री शांतवन नावाचे एक वृद्ध गृहस्थ सावलीत राहायला आले. ते अहमदनगरकडचे, जन्मभर धर्मशिक्षणाच्या कॉलेजात ग्रीक शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या मुलीची बदली इकडे झाली म्हणून आले होते. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "पाद्रीबाबा, मला एकाच वचनाचं ग्रीक शिकवा." कोणते ते सांगितले.

ते म्हणाले, "का हवंय?"

मी म्हणाले, "त्या वचनाने माझं नाव काढलं. मला बघायचंय, ते तसं आहेच का."

"आणि तसंच असलं तर?"

याचा मी विचार केला नव्हता. ते म्हणाले, "एक वचन शिकवता येत नाही, बाई. एकाच हाताला पोहायला शिकवता येतं का? अक्षरांपासून सुरू करू. पण निकाल आधी ठरवून येऊ नका, नाहीतर तुम्हाला शब्द ऐकू येणार नाहीत."

मी रागाने शिकायला बसले. खरे सांगते, राग व्याकरणापुढे टिकत नाही. क्रियापदांची रूपे पाठ करता करता मला त्या भाषेचीच गोडी लागली. शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जायची. येशू म्हणतो, माझे जू सोयीचे आहे. त्या 'सोयीचे'ला ग्रीकमध्ये 'ख्रेस्तोस' आहे. आणि पौल इफिसकरांना सांगतो, एकमेकांशी उपकाराने वागा. तिथेही तोच शब्द. जुन्या मुरलेल्या द्राक्षारसाला 'चांगला' म्हणतात, तिथेही तोच. मराठीत तीन ठिकाणी तीन शब्द, आणि मुळात एकच. म्हणजे भला माणूस कसा, तर मानेला न खुपणाऱ्या जुवासारखा. त्या संध्याकाळी मी घरी चालत आले की उडत आले ते आठवत नाही.

आणि जू! ग्रीकमध्ये जुवाला 'झुगोस' म्हणतात. मी पाद्रीबाबांना म्हणाले, हे तर आपल्यासारखंच वाटतं. ते म्हणाले, वाटत नाही, आहेच. संस्कृतातले जुवाच्या अर्थाचे युग, आपले जू, त्यांचे झुगोस, सगळे एकाच जुन्या घरातून निघालेले. देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये, या वचनात 'जोडले'च्या जागी खरे म्हणजे 'एका जुवाला जुंपले' असे क्रियापद आहे. पौल एका सोबत्याला हाक मारतो 'सुझुगे' म्हणून, बरोबरच्या जुवातला. आजचे ग्रीक लोक नवऱ्याला आणि बायकोलाही हाच शब्द वापरतात. मी घरी येऊन फारूकना 'सुझुगे' अशी हाक मारली. ते म्हणाले, "हे शिवी हाय का?"

मग काही वर्षांनी आम्ही त्या वचनापाशी पोचलो. शब्द होता 'हेतेरोझुगून्तेस'. वेगळ्या जातीच्या जनावराबरोबर एका जुवात जाणारे. सबंध नव्या करारात हा शब्द एकदाच येतो. त्याच्या मागे मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा उभी आहे, बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये. वाक्यात लग्न हा शब्द कुठेच नाही. पण 'होऊ नका' आहे, स्पष्ट आहे, आणि लग्न त्यातून वगळले आहे असेही कुठे लिहिलेले नाही. मी पुन्हा पुन्हा वाचले. मला हवे होते तसे ते नव्हते, आणि भावाने वाचले तेवढेच साधेही नव्हते. 

मी तशीच दुकानात गेले. फारूक रंधा मारत होते. मी विचारले, "दोन विजोड बैल एका जुवात घातले तर काय होतं?" मला वाटले, हे काहीतरी युक्ती सांगतील, जू असे तासायचे, तसे तासायचे.

ते म्हणाले, "काय होते? दोघायचीबी मान सोलते. शेतकरी एकाले बाजारात नेते."

माझा चेहरा पडला असावा. त्यांनी रंधा खाली ठेवला. "काऊन? कोनी काई बोललं का?" मी वचन सांगितले, शब्द सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि माझ्या मानेवरचा पदर बाजूला करून बघितले. "दाखव बरं, कुठी सोलली? मले तं नाई दिसून राह्यली. माही पाहाची हाय का?" आणि भर दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, मान वाकवून उभे राहिले.

म्हणून: माझा ग्रीक नवा करार आणि व्याकरणाचे पुस्तक मी माझ्या भावाची नात दीपिका हिला देते, कारण ती प्रश्न विचारते. ग्रीक शब्दांचा मोठा कोश मात्र मी आमच्या मंडळीला देते. होय, त्याच मंडळीला. अट एकच. तो कुलपात ठेवायचा नाही, आणि एखाद्याच्या विरोधात वचन वाचायला उभे राहणाऱ्याने आधी त्या वचनातला निदान एक शब्द त्यात काढून बघायचा. समजला नाही तरी चालेल. तेवढा वेळ गप्प बसावे लागेल, तेही पुरेसे आहे. अट मान्य नसेल तर कोश तालुक्याच्या वाचनालयाला द्यावा.

कलम ५. रेहल.

फारूकनी मला ग्रीक पुस्तक ठेवायला एक रेहल करून दिली, मशिदीत कुराण ठेवायला असते तशी. एका फळीतून कापलेली, दोन पाने एकमेकांत अडकलेली, खिळा नाही की सरस नाही. ती कहकशाँला. तिच्यावर काय ठेवावे ते तिने ठरवावे. मोबाइल ठेवला तरी माझी हरकत नाही.

कलम ६. रुसवा.

मागच्या वर्षी धानाची कापणी आटोपल्यावर एका सकाळी दिनेशभाऊ माझ्या दारात उभे होते. पंचाहत्तरी उलटलेली, हातात काठी. माझ्या लग्नानंतर ते या दारात कधीच आले नव्हते.

"आत येऊ का?"

"दार उघडंच हाय, भाऊ."

ते बसले. घराकडे बघितले, फारूकच्या फोटोकडे बघितले. मग सांगितले. दीपिका गडचिरोलीला नर्स आहे. तिला पवन आत्राम याच्याशी लग्न करायचे आहे. तो मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलातल्या एका गावचा, शाळेत मास्तर. त्याच्या घरचे लोक गोंडांच्या रीतीने आपले पेन, म्हणजे कुळदेव, पूजतात, आणि तो ते सोडणार नाही; दीपिकाने सोड म्हटलेलेही नाही. रविवारी यावर मंडळीची कमिटी बसणार होती. सगळ्यांत वडीलधारे म्हणून वचन वाचायचे काम भाऊंकडे होते. तेच वचन.

"इंदू, तुले ग्रीक येते म्हणतात."

"थोडं येते."

"त्यात खरंच काय हाय ते मले सांग. तुया कामाचं नको सांगू. माह्याबी कामाचं नको सांगू. हाय ते सांग."

त्यांना नातीला वाचवायचे होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी 'त्यात तसं काही नाहीच' म्हणाले असते तर त्यांनी ते धरून ठेवले असते, आणि मलाही हिशेब चुकता झाल्यासारखे वाटले असते. पण मला पाद्रीबाबांची ओसरी आठवली. मी रेहल मांडली, पुस्तक उघडले आणि त्यांचे बोट शब्दावर ठेवले.

"हे जू. झुगोस. आपलं जू अन् त्याह्यचं झुगोस एकाच घरचे."

"म्हणजे भाषेतबी सोयरीक हाय?" ते जरासे हसले. मग मी पूर्ण शब्द फोडून सांगितला, बैल आणि गाढव सांगितले, लग्न हा शब्द नाही ते सांगितले, आणि 'होऊ नका' आहे तेही सांगितले.

"म्हणजे रविवारी मले हेच वाचा लागते."

"वाचा. फक्त कोणतं जू, ते वचन सांगत नाही. ते वाचणारा ठरवते."

मग मी पौलाचे त्याच करिंथकरांना लिहिलेले आधीचे पत्र काढले. त्यात तो म्हणतो, विश्वासणाऱ्या बाईचा नवरा विश्वास न ठेवणारा असेल, पण तिच्याबरोबर नांदायला राजी असेल, तर तिने त्याला सोडू नये. त्या 'राजी'ला ग्रीकमध्ये 'सुनेउदोकेइ' आहे. सुन् म्हणजे बरोबर, एउ म्हणजे चांगले, दोकेइ म्हणजे वाटणे. दोघांनाही मिळून बरे वाटणे.

"हे तं झालेल्या लग्नाचं हाय," भाऊ लगेच म्हणाले. सेक्रेटरीपण अजून गेले नव्हते. "दीपिकाचं अजून व्हाचं हाय."

"हो. म्हणून हे दीपिकाच्या कामाचं नाई."

त्यांनी मराठी पवित्र शास्त्र हातात घेतले आणि तोच भाग स्वतः वाचला, आधी मनात, मग मोठ्याने. 'राजी' शब्दावर थांबले. 

"तुयं नाव काढलं तवा तुयं लग्न झालं होतं."

"झालं होतं, भाऊ."

"म्हणजे त्या दिवशी मी चुकीचं पान उघडलं होतं, इंदू."

मला एवढ्या वर्षांत हे सुचले नव्हते. मी त्या एका शब्दाच्या मागे लागले होते. कोणते पान कोणत्या दिवशी वाचायचे, हे मी कधी बघितलेच नाही. मी चहा ठेवायला आत गेले आणि साखरेचा डबा हातात धरून उभी राहिले. बाहेर ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

रविवारचे मला दीपिकाने सांगितले. भाऊंनी दोन्ही पाने वाचली. माझे नाव घेतले, ठरावाची गोष्ट काढली आणि "ते चुकलं" म्हणाले. पुष्कळ वादावादी झाली, निर्णय काही झाला नाही. दीपिका आणि पवनने गडचिरोलीला कायद्याने लग्न केले. भाऊ कोट घालून गेले होते, मीही गेले. पवनची आई सोमारीबाई हिने आम्हा दोघा भावंडांना एकाच चटईवर बसवले आणि पानांच्या द्रोणात बोरे दिली. भावाच्या शेजारी बसून खाणे मी विसरून गेले होते. ते बिया माझ्या द्रोणात टाकत होते, लहानपणी टाकायचे तशा. पुढच्या सभेत कोणीतरी दीपिकाचे नाव काढायचा विषय आणला, तेव्हा भाऊ म्हणाले, "आता लग्न झालं. आता दुसरं पान." तिचे नाव राहिले. माझे परत घालायचे की नाही, यावर कमिटी अजून विचार करते आहे. करू दे.

हे ऐकायला फारूक नव्हते, याचे मला वाईट वाटते. त्यांनी काहीतरी खोचक विचारले असते.

तेव्हा या कलमाने मी नोंदवते की माझा रुसवा ही माझी स्वकष्टार्जित मिळकत होती, ती माझ्या हयातीतच संपली आहे, आणि ती कोणालाही वारसाने मिळणार नाही. कहकशाँने आईच्या वतीने तो पुढे चालवू नये.

कलम ७. माझे शरीर.

फारूक तलावाजवळच्या कब्रस्तानात आहेत. माझे आईवडील मंडळीच्या दफनभूमीत. मला दोन्हीकडे जागा मिळेल की एकीकडेही नाही, हे मी विचारलेले नाही आणि विचारणार नाही. कहकशाँने विचारावे, आणि जिथले लोक वाद न घालता राजी होतील, जिथे तिला येऊन बसायला बरे वाटेल, तिथे मला ठेवावे. भांडू नये. दगडावर वचन नको. नाव आणि 'शिक्षिका' पुरे.

कलम ८. माझा भाऊ दिनेश मत्तय बोरकर.

यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घरातला चमचाही नाही. याचे कारण लिहिणे मला भाग आहे, नाहीतर लोक भलतेच समजतील. वकीलसाहेब सांगतात की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काही देता येत नाही. दिले तरी ते टिकत नाही. मी भाऊंना विचारले, "काही पाहिजे का सही करता?" ते म्हणाले, "सही करतो."

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, माझ्या इच्छेने लिहिले आहे. अंमलबजावणी कहकशाँने करावी, आणि अडचण आली तर दोघा साक्षीदारांना विचारावे.

ठिकाण: सावली
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

(सही) इंदुमती मत्तय बोरकर

साक्षीदार
१. (सही) आशाबाई गुरनुले, शेजारीण, राहणार सावली. बाईंनी माह्या डोळ्यापुढं सही केली. शुद्धीत होत्या.

२. (सही) दिनेश मत्तय बोरकर, राहणार सावली. मृत्युपत्र करणारीने माझ्यासमोर सही केली. मी तिला ओळखतो. ती माझी धाकटी बहीण आहे.